कललेल्या सांगाड्याचं रहस्य

“डोळे या शहरात सगळ्यांना आहेत, दृष्टी मात्र एकट्या मला आहे. माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, आणि सुटलीच तर समजा की ती निर्दोष होती.”

हे माझ्या नवऱ्याचं स्वतःविषयीचं मत. भेटेल त्या नव्या माणसाला तो ते ऐकवतो, आणि नवं माणूस नाहीच मिळालं तर मला. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात गुप्तहेर असतो. खिशात कायम दुकानातलं भिंग, म्हणून गल्लीत त्याला भिंगराव म्हणतात. हे नाव आदरापोटी पडलंय अशी त्याची समजूत आहे. संसार टिकवायचा तर काही समजुती तशाच राहू द्याव्या लागतात.

त्याची कीर्ती म्हणाल तर शेजाऱ्यांची मांजर नाहीशी झाली तेव्हा त्याने ‘आंतरराष्ट्रीय टोळीने केलेलं अपहरण’ असा निकाल दिला होता. मांजर आमच्याच कपाटात, त्याच्या स्वेटरवर व्याली. तर अशा माणसाची मी सहायक. नेमणूक लग्नाच्या दिवशीच झाली, पगाराचं बोलणं अजून व्हायचं आहे.

त्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे त्याची सख्खी आत्या. फोन मला होता. तीन दिवसांपूर्वी सामान पोचवणारी एक व्हॅन मागे न बघता मागे आली आणि आत्याच्या गाडीला पुढून, डाव्या अंगाला धडकली. बंपर लोंबला, दिवा फुटला, मडगार्ड चुरगळून चाकाला टेकलं. आत्याला खरचटलंसुद्धा नाही. तिने रस्त्यात जे काही सुनावलं त्याने व्हॅनवालाच काय तो जायबंदी झाला. चार लोकांनी गाडी ढकलत घरी आणली.

गाडी म्हातारी. आत्याच्या मुलाहून थोडीशीच लहान. विमावाले म्हणाले, गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीच जास्त होईल. मिस्त्री म्हणाला, “आतला सांगाडा सरळ असेल तर ठाकठीक करून देतो. तो पिळला असेल तर मात्र नाद सोडा. गॅरेजला आणा, मापं घेतो.” मुलाने फोनवरून तोडगा काढला: गॅरेजपर्यंत ओढत न्यायची तरी हौस कशाला? त्याने परस्पर भंगारवाल्याला सांगूनही टाकलं. तो संध्याकाळी येणार होता.

“तू ये गं जरा,” आत्या मला म्हणाली. “गाडीतलं सामान काढायला एक माणूस लागेल. आणि त्या सांगाड्याचं काय ते...”

“सांगाडा?” पलंगावरून आवाज आला. भिंगराव उठून बसला होता. “कुणाचा?”

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तोवर त्याने टोपी घातली होती.

आत्याच्या घराला लागून एक छोटं अंगण आहे, त्यात फरशी, त्यावर पत्र्याची शेड आणि शेडखाली गाडी. आमच्या माणसाने पोचल्या पोचल्या गाडीभोवती दोरी बांधली. “घटनास्थळ. कुणीही आत यायचं नाही.”

“घटना चौकात घडली रे,” आत्या म्हणाली. पण दोरी बघून तिला बरंच वाटलं असावं, कारण तिने त्यावर दोन ओले टॉवेल वाळत घातले.

काका, म्हणजे आत्याचे यजमान, खिडकीशी खुर्चीत बसले होते. खरा प्रश्न गाडीचा नव्हताच, काकांच्या गुडघ्यांचा होता. ते वाकत नाहीत. या जुन्या गाडीची सीट खुर्चीएवढी उंच, दार चांगलं ऐसपैस उघडणारं. पाठमोरं व्हायचं, बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा, की काका निघाले. मधे मुलाने त्याची नवी, जमिनीला चिकटून चालणारी गाडी आणली होती. एक जण आतून ओढतोय, एक जण बाहेरून ढकलतोय आणि काका मधेच अडकलेले. शेवटी म्हणाले, “राहू द्या असाच. वरून चादर टाका.”

तेव्हापासून ते जायचे ते याच गाडीने. जायचे तरी कुठे, तर जुन्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला. गाडी पडून राहिल्यापासून डाव फोनवर चालला होता आणि काका हैराण झाले होते. “त्याचा उंट मी काल मारला,” ते मला म्हणाले. “आज तो पुन्हा चालतोय. समोर बसल्याशिवाय या माणसाशी खेळण्यात अर्थ नाही.” मग हळू आवाजात म्हणाले, “ही गाडी गेली की मी घरातच गं.”

एवढं सगळं त्या सांगाड्यावर अवलंबून होतं, आणि सांगाडा पडला होता भिंगरावाच्या हातात. 

त्याने चुरगळलेल्या मडगार्डवर भिंग धरलं आणि दीर्घ श्वास घेतला. “हा अपघात नाही. हा कट आहे. भंगारवाल्याला गाडी हवी होती, म्हणून त्याने व्हॅनवाला पाठवला. व्हॅनचा रंग कोणता होता?”

“पांढरा,” आत्या म्हणाली.

“आणि भंगारवाल्याच्या गाडीचा?”

“मला काय माहीत? तो अजून आलाय कुठे?”

“पांढराच असणार!”

“तुझा शर्टही पांढरा आहे,” मी म्हणाले. त्याने स्वतःच्या शर्टाकडे संशयाने पाहिलं आणि तो विषय सोडला.

दुसरा संशय काकांवर आला. “एवढ्या मोडक्या गाडीत एखाद्याचा जीव का अडकावा? कारण गाडीत काहीतरी दडवलंय!” असं म्हणून तो पुढच्या सीटखाली कमरेपर्यंत शिरला. बराच वेळ नुसतीच धडपड ऐकू येत होती. एक छत्री बाहेर आली, मग एकच चप्पल, मग पेपरमिंटच्या गोळ्यांचा एक डबा. डबा अर्धा रिकामा होता.

आत्याने डब्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. डॉक्टरांनी काकांची साखर कधीच बंद केली होती. खिडकीतली खुर्ची एकदम अवघडली.

“ते... पाहुण्यांसाठी,” काका म्हणाले.

“सीटखाली पाहुणे येतात?” आत्याने विचारलं.

काकांनी भाच्याकडे असं पाहिलं की मी मधे उभी राहिले. इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याने शोधलेला हा पहिला खराखुरा गुन्हा होता. त्याचा गाडीशी काहीही संबंध नव्हता, तरी तो फुशारला.

“आता शास्त्रीय तपास,” त्याने जाहीर केलं. “सहायक, गोळी!”

मी डब्यातली एक पेपरमिंटची गोळी दिली. चांगली गोल, गोटीसारखी. त्याने ती गाडीत चालकासमोरच्या सपाट जागेवर ठेवली. गोळी घरंगळत डावीकडे गेली. पुन्हा ठेवली, पुन्हा डावीकडे. मग त्याने आतल्या आरशाला दोरा बांधून खाली घराची किल्ली लटकवली. किल्ली मधोमध राहायची ती डावीकडे झुकून राहिली. तो मागे सरकला, एक डोळा मिटून गाडीकडे बघत राहिला. मीही बघितलं. खोटं कशाला सांगू, गाडी मलाही डावीकडे कललेली दिसली. धडकही डावीकडूनच बसलेली.

तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला. टोपी काढली. “कळवायला वाईट वाटतं. सांगाडा पिळला आहे. गाडी वाचणार नाही.”

“कशावरून म्हणतोस?” आत्याने विचारलं. ती आतून, काकांना गोळ्यांवरून सुनावून, नुकतीच बाहेर आली होती.

“पद्धत शेवटी सांगायची असते, आत्या.”

“अरे पण काय पाहिलंस तू?”

“तपासाचा नियम आहे. निकाल आधी, खुलासा नंतर. सगळे जमले की.”

हा त्याचा जुना हट्ट. घरातसुद्धा दूध नासलंय हे तो सगळ्यांना बोलावून सांगतो. मी तेव्हाच गोळी-किल्लीचं सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं, पण मला स्वतःलाच ते पटलेलं होतं आणि वाईट बातमी पुन्हा माझ्या तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता.

 खिडकीतून काका म्हणाले, “बरं.” मग म्हणाले, “तो पट आवरून ठेव गं. उगाच जागा अडते.”  त्या माणसाने आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं आणि आताही तो मागत नव्हता.

आत्याने मात्र पदर खोचला. “जायची तर जाऊ दे. पण असल्या मळक्या अंगाने नाही जाणार ती.” तिने बादली भरली, फडकं घेतलं आणि ती गाडी धुवायला लागली. मीही दुसरं फडकं घेतलं. फुटक्या दिव्याच्या बाजूला ती जरा हलक्या हाताने पुसत होती.

तेवढ्यात भंगारवाला आला. त्याची गाडी निळी होती. पण आमच्या माणसाला नवा श्रोता मिळाला होता, त्यामुळे रंगाबिंगाची पर्वा कुणाला? “डोळे या शहरात सगळ्यांना आहेत...” इथपासून त्याने सुरुवात केली. भंगारवाला घड्याळाकडे बघत उभा राहिला.

“आणि आता खुलासा!” भिंगरावाने डब्यातली गोळी काढली आणि ओल्या बॉनेटवर ठेवली. “ही निर्जीव गोळी काय सांगते बघा!”

गोळी डावीकडे घरंगळली, बॉनेटवरून टपकन फरशीवर पडली आणि फरशीवरूनही डावीकडेच निघाली. गाडीखालून वाहणारं साबणाचं पाणीही तिच्या बरोबरीने डावीकडेच निघालं होतं. दोन्ही सोबतीने गेली आणि कोपऱ्यातल्या गटाराच्या जाळीत पडली.

आत्या फडकं हातात धरून जाळीकडे बघत राहिली.

“यावरून तू सांगाडा पिळलाय म्हणालास?”

“डावीकडे! प्रत्येक वेळी डावीकडे!”

“अरे, फरशीवरसुद्धा ती डावीकडेच गेली की.”

“म्हणजे फरशीही...” तो म्हणाला, आणि थांबला.

“उतार आहे तो!” आत्या कडाडली. “गाडी धुतली की पाणी साचू नये म्हणून गवंड्याच्या मागे लागून मीच करून घेतलाय. इथे तुला उभं केलं तर तूही डावीकडेच कलशील! कशावरून म्हणतोस ते सांग म्हणून मी मघाशी विचारलं, तेव्हा तोंडाला काय कुलूप लागलं होतं?”

भिंगरावाने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. खरंच, तो थोडा डावीकडे कलला होता. मग मी माझ्या पायांकडे पाहिलं आणि हळूच सरळ उभी राहिले.

“ढकला,” आत्या म्हणाली. दोरी टॉवेलांसकट खाली आली. मडगार्ड हाताने जरा वर ओढून आम्ही तिघांनी आणि भंगारवाल्याने गाडी बाहेरच्या सपाट रस्त्यावर काढली. आत्याने स्वतः डब्यातली दुसरी गोळी चालकासमोरच्या सपाट जागेवर ठेवली. गोळी जागची हलली नाही. आरशाखालची किल्ली शहाण्यासारखी मधोमध लटकत होती.

आता यावरून सांगाडा सरळ आहे असं सिद्ध होत नाही, ते मिस्त्री मापं घेऊन सांगेल. पण गाडीला फाशी द्यावी असा पुरावाही कुणाकडे उरला नव्हता.

“मी पहिल्यापासून म्हणत होतो,” भिंगराव म्हणाला, “की घाईने निष्कर्ष काढू नये.”

“मग बाई, गाडी उचलायची ना?” भंगारवाल्याने विचारलं.

“न्यायची,” आत्या म्हणाली. “गॅरेजला. टोचन करून ओढून न्या, तुमची मजुरी देते.”

“अहो, दुरुस्तीला गाडीच्या किमतीहून जास्त लागतील. बाजारात काही नाही येणार हिचं.”

“बाजाराला यांचे गुडघे नाहीत,” आत्या म्हणाली.

मागे काठीचा आवाज झाला. काका आले होते, एकटेच, चपला उलटसुलट घालून. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. गाडीचं दार उघडलं, पाठमोरे झाले, बसले, एक पाय आत घेतला, मग दुसरा. दार लावून घेतलं.

“काका, ही गॅरेजला चाललीय,” मी काचेवर टकटक केलं. “उतरा. नीट झाली की बसाल.”

“मी कुठे नको म्हणतोय? जाऊ दे तिला गॅरेजला,” काका म्हणाले. “पण मी उतरणार नाही. उतरलो आणि तुमचा विचार बदलला तर?”

भंगारवाल्याने डोकं खाजवलं. “मी गाड्या न्यायला येतो हो. माणसांसकट नाही.”

“मागच्या गाडीत स्टिअरिंगवर कुणीतरी लागतंच ना?” आत्या म्हणाली आणि चालकाच्या जागी जाऊन बसली. “मग एक माणूस काय आणि दोन काय. बांधा दोर.”

त्याने दोर बांधला. पुढे निळी गाडी, मागे लोंबता बंपर, धुऊन लख्ख झालेली काच आणि तिच्या आत दोघं ताठ बसलेली. वरात नाक्यावरून हळूहळू वळली. भिंगराव त्या दिशेने भिंग धरून बघत राहिला, जणू त्यातून लांबचं दिसतं.

आत फोन वाजत होता. मी धावत जाऊन घेतला. आत्याचा मुलगा होता.

“वहिनी, गेली का एकदाची गाडी?”

“गेली.”

“सुटलो बाबा! बाबांना फार लागलं का गं मनाला? आहेत का जवळ? दे त्यांना, समजूत घालतो.”

“त्यांना कसं देऊ?” मी म्हणाले. “तेही गाडीतून गेलेत.”