सहदेव मयेकर यांचा अल्प परिचय

बोरिवलीच्या हौसिंग बोर्डाच्या वसाहतीत राहणारे सहदेव मयेकर हे समग्र आरोग्यतज्ज्ञ आहेत, ही गोष्ट खुद्द सहदेव मयेकरांना १९८६ च्या गणेशोत्सवात समजली.

तोपर्यंत ते संपात गिरणी सुटलेले आणि मरोळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून चिकटलेले साधे गृहस्थ होते. वाचनालयातली निसर्गोपचाराची पुस्तकं वाचून त्यांनी स्वतःचं पित्त बरं केलं होतं. तेव्हापासून संध्याकाळी जो कोणी दारात येईल त्याला ते फुकट सल्ला देत. रात्री लवकर जेवा, दोन घास कमी खा, सकाळी नॅशनल पार्कपर्यंत चालून या. कुणाची मान धरली असेल तर तेल लावून चोळून देत. खोकला, ताप, गाठ असलं काही दिसलं की हात जोडत आणि म्हणत, "हे माझं काम नाही. डॉक्टरकडे जा." बहुतेकांना बरं वाटे. ज्यांना वाटत नसे ते डॉक्टरकडे जात. अशी सुरळीत व्यवस्था होती. सुरळीत व्यवस्था आपल्याकडे फार काळ टिकू देत नाहीत.

त्या वर्षी वसाहतीच्या मंडळानं आरोग्य शिबिर ठरवलं. प्रमुख पाहुणे म्हणून कबूल झालेले सर्जन ऐनवेळी सिंगापूरला गेले. वसाहतीत आरोग्याबद्दल बोलणारा दुसरा माणूस नव्हता, म्हणून सहदेवची निवड सर्वानुमते झाली. मंडळाचे चिटणीस अंबादास टेमकर सरकारी कचेरीत मसुदे लिहायचे. त्यांनी स्मरणिकेसाठी सहदेवकडे अल्प परिचय मागितला. सहदेवनं कागदावर लिहून दिलं, "सहदेव मयेकर. मरोळला नोकरी. लोकांना कमी जेवायला सांगतो."

अंबादासनं तो वाचला आणि चष्मा काढला.

"अरे सहदेव, हा परिचय आहे की पोलिसांना दिलेला जबाब?"

"खरं तेच लिहिलंय रे."

"खरं लिहायला कोण नाही म्हणतंय? पण मांडणी म्हणून काही असते ना! गेल्या वर्षीचे पाहुणे पाणीखात्यातले उपअभियंता होते, त्यांचा परिचय पाऊण पान होता. यंदा त्याहून कमी छापला तर मंडळाची पत गेली की नाही?" अंबादासनं लेखणी सरसावली. "आधी हुद्दा. समग्र आरोग्यतज्ज्ञ. हल्ली समग्र फार चालतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे माणूस कुठलाही रोग घेऊन आला तरी त्याला नाही म्हणता येत नाही. बरं, परदेशी गेलायस?"

"मी? छे! मढच्या कॉस्मसची मान चोळतो, तो बोटीवर असतो."

"बोट परदेशी जाते ना? मग मान काय तो इथे ठेवून जातो? 'देशविदेशांत उपचारांचा प्रसार.' सिनेमावाले?"

"तिथे मढलाच एका बंगल्यात शूटिंग चाललेलं, एका लाइटवाल्याची पाठ..."

"'सिनेसृष्टीला पाठबळ.' हिमालय?"

"यात्रा कंपनीबरोबर हरिद्वारला गेलो होतो. पण तिथल्या पुऱ्या बाधल्या. सगळे दिवस जुलाबानं धर्मशाळेतच पडून होतो. बाकीचे देव बघून आले."

अंबादासनं डोळे मिटून क्षणभर विचार केला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, "हिमालयाच्या पायथ्याशी एकांतवासात राहून त्यांनी कठोर शरीरशुद्धी साधली."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सहदेवनं आक्षेप घ्यायला तोंड उघडलं खरं, पण खोटं नेमकं कुठे आहे ते त्यालाही दाखवता येईना.

प्रकरण इथे थांबलं असतं. पण छपाईच्या आदल्या दिवशी मालाडच्या एका फरसाणवाल्यानं जाहिरात मागे घेतली आणि स्मरणिकेत अर्धं पान मोकळं पडलं. छापखान्याच्या चंद्रप्रकाशनं निरोप धाडला, "पाहुण्यांचं आणखी काही कर्तृत्व असेल तर पाठवा. नाहीतर जागा कोरी जाईल." अंबादासनं फरसाणाच्या मापाचं कर्तृत्व लिहून धाडलं. दुर्धर व्याधी, असंख्य रुग्ण, सिद्ध हस्तस्पर्श. शेवटची ओळ भरेना म्हणून चंद्रप्रकाशनं स्वतःच्या अधिकारात एक शब्द जुळवला. प्रसिद्धिपराङ्मुख.

सगळी वाट लावली ती या शब्दानं.

गणपतींचं विसर्जन झालं आणि सहदेवच्या दारात रांग लागली. मुलुंडहून, घाटकोपरहून माणसं स्मरणिका हातात घेऊन येऊ लागली. लवकर जेवा म्हटलं की त्यांची तोंडं उतरत. "हिमालयात जाऊन हेच शिकलात?" एका बाईंनी तर सुनावलं, "एवढं तर आमच्या सासूबाई पण सांगतात." सहदेव खुलासा करू लागला की लोक एकमेकांकडे बघून माना डोलवत. प्रसिद्धिपराङ्मुख!

सहदेवची बायको सुगंधा वैतागली. "अहो, त्या टेमकरांना सांगा ना, चूक झाली म्हणून छापा."

अंबादास म्हणाला, "शुद्धिपत्रक पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत निघेल. तशी प्रथा आहे."

तेवढ्यात तळमजल्यावरची मालन आली. मालन म्हणजे सहदेवच्याच गावची, गिरणीतल्या त्याच्या जुन्या सोबत्याची विधवा. महिनाभर खोकत होती. रोज संध्याकाळी कणकण भरे, पोलक्याच्या बाह्या दंडावर सैल झाल्या होत्या. सहदेवला पाहताक्षणी समजलं.

"मालनवहिनी, उद्याच्या उद्या म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात जा. छातीचा फोटो काढा."

"दवाखान्यात कित्याक जाव? तुमी आसास मां!" ती पदरात खोकली. "दुर्धर व्याधी लिवल्यानी हा. शेजारच्या पोरान वाचून दाखवल्यान."

"ते सगळं टेमकरांनी लिहिलंय. मी हरिद्वारला संडासात बसून होतो हो वहिनी!"

मालन समाधानानं हसली. "माका ठावक आसा भावजी. मोठी मानसां अशीच बोलतत."

सहदेवनं हात जोडले, रागावून पाहिलं, सुगंधानं शपथा घातल्या. मालन रोज संध्याकाळी येऊन भक्तिभावानं त्याच्यासमोर बसे, खोके आणि बरं वाटलं म्हणून निघून जाई. एक दिवस पदराला रक्ताचा डाग दिसला. "या बाईला मी मारणार," ती गेल्यावर सहदेव सुगंधाला म्हणाला. "मी काहीएक न करता मारणार."

दुसऱ्या दिवशी मालन आली तेव्हा सहदेव पंचा खांद्यावर घेऊन, पाठ ताठ करून बसला होता. आवाज त्यानं जरा खोल लावला.

"मालनवहिनी, हिमालयात एक क्रिया आहे. क्षकिरण-स्नान."

मालननं हात जोडले.

"यंत्राला छाती लावायची. आज्ञा झाली की कुंभक करायचा, म्हणजे श्वास रोखायचा. नंतर काही गुटिका मिळतील. लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही, तो रोग बाहेर पडतोय. सबंध अनुष्ठान पुरं व्हायला हवं. मध्येच सोडलं तर उलटतं."

"आनि ह्या खंय करूचा?"

"म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात. तिथे आपली माणसं बसवलीत."

मालन दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, नवं लुगडं नेसून गेली. क्षयच निघाला. तिनं एकही गोळी चुकवली नाही, आणि पुढच्या गणपतीत आरतीला टाळ्या पिटत पुढे उभी होती. सहदेवनं तिला पाहिलं आणि मांडवामागे जाऊन डोळे पुसले. बाहेर अंबादास नव्या स्मरणिकेचा मसुदा वाचत होता, "क्षकिरण-स्नानाचे आद्य प्रवर्तक..." शुद्धिपत्रकाला जागा उरली नव्हती.

तोपर्यंत खोकला-ताप घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सहदेव हेच स्नान सांगू लागला होता. मग एका संध्याकाळी त्या दवाखान्याचे तरुण डॉक्टर तावातावानं सहदेवच्या घरी आले.

"मयेकर तुम्हीच ना? तुमची माणसं येऊन मला विचारतात, स्नानाला टॉवेल आणायचा का! हा काय तमाशा आहे?"

सहदेवनं सगळं कबूल केलं. डॉक्टर ऐकत गेले, तसतसा त्यांचा राग उतरत गेला. सुगंधानं चहा दिला. कप खाली ठेवून ते जरा खाजगी आवाजात म्हणाले, "खरं सांगू? माझे पेशंट जरा बरं वाटलं की गोळ्या सोडतात. तुम्ही पाठवलेले एकजात कोर्स पुरा करतात. माझ्या दारावर नुसतं 'वैद्यकीय अधिकारी' लिहिलंय. तुमचे ते टेमकर... माझाही एखादा परिचय लिहून देतील का?"

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारे पोट धरून हसतात, लोक किती भोळे म्हणून हळहळतात आणि निघताना, चपला पायात सरकवता सरकवता, आवाज खाली आणून विचारतात, "ते मयेकर हल्ली बसतात कधी? नाही, आमच्या हिच्या गुडघ्यासाठी." तुम्ही तसलं काही विचारणार नाही, याची मला खात्री आहे. पत्ता खाली छापलेला नाही, हे तुम्ही आत्ताच बघितलंत.