अण्णांचा भरला तांब्या

धारला आमच्या आळीत अण्णा रोज सकाळी काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन टांग्यात बसत. नवखा माणूस भलताच अर्थ काढी आणि अदबीनं नजर वळवी. रानात जायला टांगा कशाला, हे कोडं मलाही बरेच दिवस होतं.

अण्णा दरबारात कारकून. त्यांचा सतरा वर्षांचा सदू घरचा टांगा हाकायला शिकत होता. अण्णांनी जन्मात लगाम धरला नव्हता, पण शिकवणार तेच. सदूशेजारी बसून ते तांब्या तळहातावर धरत. "मी कशाला बोलू, भिया? पाणी बोलेल," असं मला भावासारखी हाक मारून म्हणत. सदूनं वळण घाईत घेतलं, की पाणी धोतरावर. त्यामुळे पोराची प्रगती आळीला अण्णांच्या धोतरावरून कळे.

पाणी सांडलं की अण्णा एवढंच म्हणत, "उतर." मग सदूनं घोडीचा लगाम धरून घरापर्यंत पायी यायचं. अण्णाही उतरत आणि त्याच्याबरोबर चालत.

मी एकदा विचारलं, "अण्णा, शिक्षा त्याला. तुम्ही का पाय झिजवता?"

"एकटा कसा चालेल तो उन्हातून?" ते म्हणाले. प्लेगात बायको गेल्यापासून त्या घरात ही दोनच माणसं होती.

पुढं माहेरपणाला आलेल्या अण्णांच्या बहिणीला सासरी सरदारपूरला पोचवायची वेळ आली आणि दरबारातून रजा मिळेना. सदू पहिल्यांदाच अण्णांशिवाय टांगा घेऊन गेला. निघताना अण्णांनी घोडीचे नाल चारदा पाहिले, सदूला मात्र एक शब्द सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले ते तडक ओट्यावर बसले. हातात भरला तांब्या. मी शेजारी जाऊन बसलो. रस्त्यावर कुठंही चाक वाजलं की त्यांचा हात हले. बघता बघता धोतर भिजलं. मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

दिवेलागणीला टांगा आळीत शिरला, अगदी सावकाश. ओट्याशी थांबून सदूनं टांग्यातूनच अण्णांच्या तांब्यात डोकावून पाहिलं.

"अण्णा, अर्धं सांडलंय की."

अण्णांनी भिजलं धोतर झटकलं.

"मग? उतरा," सदू म्हणाला.

अण्णांनी तांब्या माझ्या हातात दिला. मुकाट्यानं ओट्यावरून उतरले, घोडीचा लगाम धरला आणि तबेल्याकडे चालू लागले. सदू टांग्यातून खाली उतरला आणि त्यांच्याबरोबर चालत गेला.