पाच पांडव, सव्वा किलोची कोप आणि मी

मालाची पारख करावी तर आम्हीच! दुसरं कुणी सांगेल याची वाट बघत बसण्यापेक्षा मीच सांगून टाकतो. लातूरच्या गंजगोलाईत माझं ताडपत्रीचं दुकान आहे. ताडपत्री नुसती उचलली तरी ती किती पावसाळे काढेल ते मी सांगू शकतो. शेजारचे दुकानदारसुद्धा नवा माल आला की आधी ‘शिवकुमारशेठला दाखवा’ म्हणतात. माझी रीत ठरलेली आहे. आधी वजन, मग दोन माणसांची खेच, मग चार कोपरे धरून पाणी, शेवटी खरबरीत दगडावर घासणी. पण निम्मा माल पहिल्याच परीक्षेत गारद होतो. हाताला जड लागला तर माल, नाहीतर कागद!

अशा माणसाच्या गल्ल्यावर त्याच्याच मुलीने एक पिशवी आणून ठेवली. पिशवी म्हणजे केवढी? मध्यम आकाराच्या दुधी भोपळ्याएवढी.

“आप्पा, ह्यो तंबू हाय. दोन माणसांचा.”

“तंबू कुठाय? ही तर पिशवी हाय.”

“पिशवीतच हाय की!”

मी पिशवी काट्यावर ठेवली. एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम! काटा बिघडला असणार म्हणून मी माझा जेवणाचा डबा ठेवून बघितला. डबा दोन किलो शंभर भरला. म्हणजे काटा बरोबर होता आणि माझं दुपारचं जेवण दोन माणसांच्या घरापेक्षा जड होतं!

सुकन्या माझी एकुलती एक. कापडाचं शिक्षण घेऊन पुण्यात डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाच्या कंपनीत तीन वर्षं नोकरी केली. आता म्हणे लातूरलाच असे हलके तंबू शिवायचे. तिला दुकानामागचं माझं बारदान्याचं गोदाम हवं होतं. पंधरा दिवसांची रजा काढून आली होती. सोमवारी एकतर कामावर हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा पाठवायचा.

“गोदाम दिलं तर मी हितंच राहते,” ती म्हणाली. “न्हाई दिलं तर सोमवारी पुण्याला. पण आप्पा, बाप म्हणून देऊ नका. पारखून द्या.”

आता आली का पंचाईत! मुलगी घरी राहावी म्हणून मी गोदाम काय, दुकानसुद्धा दिलं असतं. पण तिने माझ्या दुखऱ्या नसेवरच बोट ठेवलं होतं. पारख!

तिने आपल्या पाठपिशवीतून एकेक वस्तू काढली. झोपायची पिशवी काढली, ती मुठीत मावत होती. सोडली तर फुगून गादीएवढी झाली. पाय दुमडलेली एक शेगडी काढली. मला वाटलं, कशाचा तरी स्क्रू पडलाय. तिने त्यावर गल्ल्याशेजारी चार मिनिटांत चहा केला. आमच्या मंडळी, म्हणजे शिवगंगा, घरातला सहा किलोचा स्टोव्ह आठवून शेगडीकडे बघतच राहिल्या. मीही थक्क झालो. पण पारखी माणसाने थक्क झाल्याचं दाखवायचं नसतं.

“चहा हुतोय, मान्य हाय,” मी म्हणालो. “पण टिकंल का? रानात काढल्याबिगर मी पास म्हणणार न्हाई.”

आणि नेमका तेव्हाच रेणापूरहून केरबाचा फोन आला. केरबा आमचं शेत बघतो.

“मालक, येळवस रविवारी हाय आन् कडबा न्हाई. कोप कशाची घालू?”

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात असतं. गावात कुत्रंसुद्धा भेटत नाही. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी घालायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव मांडून पूजा करायची आणि मग येईल त्याला भज्जी, उंडे, खीर आणि ज्वारीच्या पिठाचं ताकातलं आंबील पोटाला तडस लागेपर्यंत वाढायचं. पण हल्ली जिकडे तिकडे सोयाबीन. ज्वारीच नाही तर कडबा कुठला?

“कोप मी आणतो!” मी फोनवर गरजलो. “सव्वा किलोची!”

“मालक, कोप म्हणालो मी, कोंबडं न्हाई!” केरबा पलीकडून म्हणाला.

रविवारी आम्ही ट्रॅक्टर-ट्रॉलीत सामान भरून शेतात पोचलो. उदगीरहून माझी गुरम्माआत्या आली होती. पूजेतलं सगळं तिच्या शब्दावर चालतं. नारिंगी तंबू बघून तिने कपाळाला हात लावला.

“अय्यो, शिवू! देवाला टेरीकॉटची कोप?”

शिवगंगा म्हणाली, “आत्याबाई, पांडव बारा वर्षं रानात हिंडले. त्यांना तंबूचं काय नवल?”

आत्या पदर खोचून पूजेचं ताट लावायला बसली. तोवर तंबू उभासुद्धा राहिला होता! खोटं नाही, घड्याळ लावून चार मिनिटं. केरबाला कोप घालायला अर्धा दिवस लागतो आणि मध्ये तीनदा तंबाखू. सुकन्याने दोन काड्या जोडल्या, वाकवल्या, कापड अडकवलं, कोपरे ठोकले. झालं! मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो. इतकं देखणं काम माझ्या मुलीने केलंय, हे बघून माझा ऊर भरून आला.

आणि मग माझी नजर खुंट्यांवर गेली.

खुंट्या कसल्या, अंबाड्याचे आकडे! एक उरलेली उचलली तर हातात काही आहे असं वाटेना. वर उत्तरेचा वारा सुटलेला. थोड्या वेळात चाळीस पाहुणे येणार, आणि त्यांच्यादेखत ही कोप पांडवांसकट उडाली तर? लेकीचं हसं होईल. मी सोडून सगळे तिला नापास करतील. सोमवारी ती पुण्याला जाईल.

मी चहूकडे बघितलं. शेजारीच ट्रॉली उभी होती. दोन टनांची, भरवशाची! सगळे चुलीकडे गेल्यावर मी ट्रॉलीच्या बाजूच्या दोन खुंट्यांचे दोर हळूच सोडले आणि ट्रॉलीच्या कड्याला बांधले. गाठही साधी नाही, ट्रकवाल्यांची, जितकी ओढाल तितकी आवळणारी. दोर सुतळीएवढे बारीक, पण आता निदान काहीतरी वजनदार वस्तूला बांधले होते. कुणाला काही बोललो नाही. मला फार बरं वाटलं.

पूजा झाली. पाहुणे आले. जो तो तंबूत डोकावून ‘वा वा’ करत होता आणि मी ‘अजून पारख चालू हाय’ असं म्हणत मिशीवरून हात फिरवत होतो. जेवणं झाली. मी आंबील पाच वाट्या प्यालो. ज्यांना आंबील माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. त्याने माणूस उभ्या उभ्या पेंगतो.

“जरा आतून शिवण तपासतो,” असं म्हणून मी तंबूत शिरलो. एका कोपऱ्यात पाच पांडव. दुसऱ्या कोपऱ्यात आंबिलाची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, सावलीला ठेवलेली. मध्ये ती झोपायची पिशवी. तिचीही पारख व्हायला हवी होती. मी आत शिरलो, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि शिवण तपासता तपासता घोरायला लागलो.

त्याच वेळी शिवगंगाच्या माहेरची माणसं रेणापूरच्या फाट्यावर उतरली होती. शिवगंगाने केरबाला सांगितलं, “ट्रॉली घेऊन जा, बारा जण हायत.” केरबाने ट्रॅक्टर चालू केला. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला आणि निर्धास्त कूस बदलली. आवाज लगेच कळला. अर्थ कळायला थोडा वेळ लागला.

पहिल्यांदा छत माझ्या तोंडावर आलं. मग जमीन चालायला लागली!

“केरबा! आरं थांब!” मी ओरडलो. पण येळवशीला रानारानांत दिवसभर आरोळ्या चालूच असतात. माझ्या आरोळीला शेजारच्या तीन वावरांतून मोठ्या उत्साहाने उत्तर आलं! हात पिशवीत अडकलेले. चेन सापडेना. भीम गडगडत येऊन माझ्या पोटावर बसला, धर्मराज कानाशी, बाकीचे पायाशी. पाच पांडव आणि सहावा मी, असे आम्ही वनवासाला निघालो.

आणि केरबाने वाट कुठली धरावी? उसासाठी मोकळं ठेवलेलं वावर! तिथे कापलेल्या सोयाबीनची धसकटं उभी होती. धसकट म्हणजे काय चीज आहे हे आमच्याकडे ट्यूबचं पंक्चर काढणाऱ्याला विचारा. एकेक धसकट मला पाठीखालून मोजता येत होतं. आता फाटणार! आता फाटणार! मी डोळे मिटले. तेवढ्यात बिंदगी कलंडली आणि थंडगार आंबील मानेपर्यंत आलं.

आणि वाचकहो, खरं सांगतो, अशा वेळी माणसाला देव आठवतो. देव तर माझ्या पोटावरच होते. मला आठवलं दुकान! मी चक्क त्या कापडाला बोट लावून बघितलं. आंबील आत हिंदकळत होतं, पण बाहेर थेंब जात नव्हता. खाली धसकटं घासत होती आणि तळ तसाच. सुतळीएवढे दोन दोर मला, पाच पांडवांना आणि बिंदगीला ओढत होते, तेही तुटत नव्हते! भीती कुठच्या कुठे पळाली. एवढ्या वर्षांत इतका माल हाताखालून गेला, पण असा कधी बघितला नव्हता. ‘आरं, फाटत कसं न्हाई?’ हे मी मोठ्याने म्हणत होतो आणि मला अक्षरशः भरून आलं होतं.

ट्रॅक्टर थांबवला गुरम्माआत्याने. ती लुगडं खोचून समोर आडवी झाली.

“थांब की रे मुडद्या! देव चाललेत माघं!”

केरबाने वळून बघितलं आणि खाली उडीच मारली. “मालक कुठं हायत?”

“कोपीत!” आतून मी म्हणालो.

सुकन्या धावत आली. चेन उघडली. आत आंबिलात न्हालेला बाप आणि त्याच्या पोटावर भीम. “आप्पा, लागलं का? कुठं लागलं?” ती माझे हातपाय चाचपायला लागली. मला फक्त खरचटलं होतं. तेवढं कळल्यावर तिची नजर दोरावर गेली, दोरावरून ट्रॉलीच्या कड्यावर, कड्यावरून गाठीवर.

“ही गाठ कुणाची हाय?”

चाळीस पाहुणे माझ्याकडे बघत होते.

“माझी,” मी म्हणालो.

“म्हंजे तुमचा इश्वासच न्हवता.”

“खुंट्यांवर न्हवता गं. वारा लई सुटला हुता. तू चारचौघांत नापास हुशील म्हणून भ्यालो मी.”

“परीक्षा घेणाऱ्यानंच कॉपी पुरवली!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं जिथे परीक्षेच्या तयारीला येतात त्या लातूरच्या माणसाला असं ऐकून घ्यावं लागणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. मी मान खाली घातली.

ती तडक तंबूच्या मूळ जागेवर गेली. मागोमाग आम्ही सगळे. पलीकडच्या बाजूला मी हात न लावलेल्या खुंट्या होत्या. ट्रॅक्टरच्या ओढीने तंबूच्या कड्या निसटल्या होत्या, पण खुंट्या काळ्या मातीत जशाच्या तशा उभ्या!

“केरबामामा, काढा ह्यातली एक.”

केरबाने दोन बोटांनी धरली. हलेना. दोन्ही हातांनी धरली. पाय रोवून, दात-ओठ खाऊन ओढली, आणि शेवटी तोच बदकन खाली बसला. अंबाड्याचा आकडा तसाच! आत्याने पुढे होऊन त्या खुंटीला हळद-कुंकू लावलं. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी आंबील ओतून टाकलं, तंबूचा तळ उलटा केला आणि सूर्यासमोर धरला. ताडपत्रीचं भोक असंच दिसतं, चांदणीसारखं चमकतं. वीतवीत बघितलं. एकही चांदणी नव्हती. एक काडी तेवढी मोडली होती. सुकन्याने ती उचलून आपल्या वहीत काहीतरी लिहिलं.

“गोदाम घे,” मी म्हणालो.

“बाप म्हणून का?”

“न्हाई. ताडपत्रीवाला म्हणून. बाप म्हणून तर दोर बांधला हुता.”

यावर ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. मग माझ्या मानेवरचं आंबील पदराने पुसायला शिवगंगा आली आणि तिने पुसता पुसता माझा जो उद्धार केला, तो इथे देण्यासारखा नाही.

राजीनामा सोमवारी सकाळीच गेला. आता गोदामात चार मशिनी आहेत. दुकानाच्या पुढच्या निम्म्या भागात माझी ताडपत्री, निम्म्या भागात तिचे तंबू. गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी देऊन ‘उचलून तर बघा, काय वजनच न्हाई!’ असं मीच सांगतो आणि दर वेळी मलाच नवल वाटतं.

परवा नांदेडचा एक कॉलेजचा मुलगा सहस्रकुंडच्या धबधब्याला जायचं म्हणून तंबू घ्यायला आला. प्रत्येक पिशवीत सुकन्याने सूचनांचा कागद घातलेला असतो. मी तो कधी वाचला नव्हता. त्याने गल्ल्यावरच उघडला आणि मोठ्याने वाचायला लागला.

“सूचना पहिली. तंबू ट्रॅक्टर, ट्रॉली अथवा कोणत्याही वाहनाला बांधू नये. आत माणूस झोपलेला असल्यास मुळीच बांधू नये.” तो पोट धरून हसला. “काका, असं कोण येडं बांधत असंल हो?”

“लिहावं लागतं, बाळा,” मी गंभीरपणे म्हणालो. “सगळ्यांनाच अक्कल असते का?”

आत गोदामातल्या चारही मशिनी एकदम थांबल्या.