ओट्यावरचा समंध

भीती मातृभाषेतूनच वाटली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. (हे मत मी साताऱ्याच्या शाळेतून आणि पुण्याच्या कॉलेजातून घेऊन ऑकलंडला आलो. कस्टम्सने ते अडवलं नाही, हीच चूक.)

झालं असं, की आपल्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी शनिवारी फासे टाकून खेळायचा राक्षसांचा खेळ ठेवायचं मी ठरवलं. खेळाच्या पुस्तकात राक्षस अधिवासानुसार लावलेले असतात: जंगलात हे, दलदलीत ते. मी म्हटलं, परक्यांचे ड्रॅगन कशाला? आपली भुतं काय मेली आहेत?

पण अधिवासाची पंचाईत झाली. मुंज्याला पिंपळ लागतो. ऑकलंडच्या आमच्या माउंट रॉस्किल भागात पिंपळ कुठला? गिऱ्ह्याला विहीर लागते. मग मी आमच्या भाड्याच्या घरातच सगळ्यांचं पुनर्वसन केलं आणि जागोजागी कार्डं चिकटवली. मुलांना वाचता यावं म्हणून इंग्रजीत.

मुंजा: गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, एक. गिऱ्हा: लाँड्रीत (कपडे धुण्याच्या खोलीत), तीन, पाय ओढतात. समंध: घराखाली, संख्या अज्ञात, जागा सोडत नाही.

बुधवारपासून घराखालून, लाकडी जमिनीखालच्या पोकळीतून, आवाज यायला लागला. खर्र... खर्र... अगदी समंधाच्या कार्डाखालून.

"अरे, हेजहॉग असेल," गुरुवारी निवेदिता म्हणाली. बायको हॉस्पिटलात नर्स आहे; तिला कशाचीच भीती वाटत नाही. "आणि ऐक, उद्या अकराला एजन्सीची शेरिल इन्स्पेक्शनला येतेय. लीज वाढवायची की नाही ते तिच्या हातात आहे. ती कार्डं काढ, चहा विचार आणि गप्प बस."

शुक्रवारी कार्डं काढायला लाँड्रीत गेलो. पायाला काहीतरी गार, ओलं लागलं. (मोजा होता, हे नंतर कळलं.) मी थेट हॉलमध्ये येऊन थांबलो. कार्डं राहिली.

"किया ओरा, गंधार!" शेरिल हसत आत आली. कपाटापाशी तिचं हसू गेलं.

"हे मुंजा कधीपासून आहेत तुमच्याकडे?"

कोणीतरी आपल्या संस्कृतीबद्दल आस्थेने विचारलं, की माझा तोल जातो.

"पिढ्यानपिढ्या!" मी म्हणालो.

"भारतातून आणलेत?"

"आमच्या गावाहून. मी स्वतः."

"डिक्लेअर केले होते?"

"छे! मनात आणले."

तिने काहीतरी लिहून घेतलं. लाँड्रीत दोनदा लिहिलं.

"आणि घराखाली जे आहेत, ते औषध मारल्यावर जातील?"

"समंध? तो मेल्यावरच तर राहायला येतो!"

शेरिलने पेन बंद केलं. "गंधार, मला मालकाला कळवावं लागेल. कदाचित घर रिकामं—"

खर्र... खर्र...

लीज गेली, निवेदिता काय म्हणेल, हे सगळं बाजूला राहिलं. तो आवाज चालत होता. लाँड्रीकडून निघून बरोबर माझ्या पायाखाली येऊन थांबला. पुढचं मला आठवत नाही. मी भीमरूपी म्हणत होतो आणि किचनच्या ओट्यावर उभा होतो, एवढंच खरं.

शेरिल बाहेर गेली. घराखालची फळी काढल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. तिला ओढलं असणार, अशी माझी खात्री झाली. खाली उतरून मदतीला जावं, असा विचार माझ्या मनात आला. (तो फार वेळ टिकला नाही.)

पाच मिनिटांनी ती परत आली. हातातल्या टॉवेलमध्ये काटेरी गोळा होता. हेजहॉग.

"हा मुंजा की समंध?" तिने विचारलं.

मग मी ओट्यावरूनच सगळा खेळ समजावून सांगितला. ती इतकी हसली, की हेजहॉग टॉवेलमध्ये अजूनच आवळून बसला.

लीज आणखी एका वर्षासाठी वाढली. संध्याकाळी रिपोर्ट आला, फोटोंसकट. 'किचनचा ओटा: मजबूत. भाडेकरूचं वजन पेलतो.' फोटोत मी होतो, हात जोडलेला.

निवेदिताने तो फोटो छापून कार्ड केलं. शनिवारी आठ वर्षांच्या अनुष्काने गड्डीतून नेमकं तेच ओढलं आणि मोठ्याने वाचलं: "गंधारकाका. अधिवास: ओटा. धोका: शून्य."

मग कार्ड परत गड्डीत सारत म्हणाली, "काका, रिअल मॉन्स्टर द्या ना. हेजहॉग आहे?"