बिस्किटांच्या डब्यातला भोंगा

"बावीस डॉलर?" हार्लन निगार्डने कॉफीचा कप खाली ठेवला. "फ्रीजर बंद पडला की ओरडायचं, एवढ्याच कामाचे बावीस डॉलर?"

"एवढंच काम हवंय मला," डेलोरिस म्हणाली. "आज दुकानातून अलार्म आणते आणि विषय संपवते."

"दुकानातला अलार्म? माझ्या घरात? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे एल्म लेकच्या हौशी रेडिओ मंडळाचे सात सभासद. हार्लन त्या मंडळाचा अध्यक्ष होता. दुकानात मिळणारी कोणतीही वस्तू घरी निम्म्या किमतीत करता येते, हा त्याचा धर्म होता. आजवर प्रत्येक वस्तू तिप्पट किमतीत झाली होती, पण एवढ्या तेवढ्याने धर्म सोडायचा नसतो.

डेलोरिसला मात्र या वेळी धर्माशी देणंघेणं नव्हतं. चर्चच्या शरद भोजनाचे मीटबॉल एकतीस वर्षं मेव्हिस थॉर्सन करत आली होती. यंदा मेव्हिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाद्रीबाबांनी ते काम डेलोरिसकडे दिलं. एकतीस वर्षं डेलोरिसने मेव्हिसच्या हाताखाली बटाटे सोलले होते. तिने नऊ दिवस खपून दोन हजार चारशे मीटबॉल हाताने वळले आणि गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजरमध्ये रचून ठेवले. तो फ्रीजर गेल्या उन्हाळ्यात एकदा न सांगता बंद पडला होता आणि स्ट्रॉबेरींचं सरबत दारापर्यंत वाहत आलं होतं.

"या वेळी तसं झालं ना हार्लन, तर मेव्हिस मला मरेपर्यंत बटाटे सोलायला लावेल."

"चार डॉलरात करून देतो," हार्लन म्हणाला.

थंडी मोजणारा सेन्सर खरोखरच स्वस्त होता. पन्नास घेतले तर आणखी स्वस्त होता. पस्तीस डॉलरच्या वर मागवलं तर टपालखर्च माफ होता. तो वाचवण्यासाठी हार्लनने पाचशे रेझिस्टर, दोनशे लाल दिवे आणि कशाला लागतात हे त्यालाही नक्की आठवत नव्हतं असे साठ सुटे भाग मागवले. मग त्याने या सगळ्यासाठी डबा पाहिला. साधा, काळा, प्लास्टिकचा, रिकामा डबा. नऊ डॉलर!

त्याने तडक मित्राला, एल्रॉयला फोन लावला. "आतला माल चार डॉलरचा आणि नुसता डबा नऊचा!"

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," एल्रॉय म्हणाला. "दरोडा आहे हा, दरोडा. घरात बघ की एखादा डबा."

त्या दिवसापासून हार्लन पट्टी घेऊन स्वयंपाकघरात हिंडू लागला. साबणाची डबी अरुंद निघाली. गोळ्यांची डबी रिकामी करायला त्याने दुपारभरात चाळीस पेपरमिंट खाल्ले आणि मग ती लहान पडते असं ठरवलं.

"हार्लन, लोणी उघडं का पडलंय?"

"डबा मोजत होतो. जरा मऊच आहे."

"लोणी?"

"डबा गं!"

शेवटी कपाटाच्या वरच्या फळीवर त्याला बिस्किटांचा गोल, निळा, पत्र्याचा डबा सापडला. अशा डब्यात कुणाच्याच घरी बिस्किटं नसतात, तशी इथेही नव्हती. डेलोरिसची बटणं होती. ती त्याने सॅलडच्या वाडग्यात ओतली आणि डबा घेऊन गॅरेजमध्ये गेला.

फ्रीजरच्याच जोडसॉकेटमध्ये ड्रिल लावून त्याने डब्याला एक भोक पाडलं. दुसरं अर्धं झालं आणि ड्रिल बंद पडलं. त्याने ते हलवलं, आपटलं, वडीलधाऱ्यांसमोर बोलू नये असं काहीतरी बोलला आणि शेवटी कचऱ्यात टाकलं. उरलेलं भोक खिळ्याने पाडलं. गॅरेज आता अगदी शांत होतं. कामाला अशी शांतता बरी असते, असं त्याच्या मनात आलं.

स्वयंपाकघराच्या टेबलावर चाचणी झाली ती मात्र झकास. बर्फाच्या पेल्यातून सेन्सर काढून त्याने मुठीत धरला मात्र, भिंतीवर लावलेला भोंगा असा किंचाळला की कुत्रा सोफ्याखाली गेला तो जेवायलाच बाहेर आला. डब्यातून रेडिओवर संदेश निघायचा आणि भोंग्याला मिळायचा, मध्ये तारबीर काही नाही. खूश होऊन हार्लनने डब्याचं झाकण घट्ट लावलं, कडेने चिकटपट्टी गुंडाळली, डबा फ्रीजरवर ठेवला आणि सेन्सरची वायर आत सोडली.

"चालू आहे कशावरून?" डेलोरिसने विचारलं.

"वाजतोय का?"

"नाही."

"मग! वाजत नाही म्हणजे सगळं ठीक. आणि शनिवारच्या भोजनापर्यंत फ्रीजर उघडू नकोस, उगाच थंडी बाहेर जाईल."

हे झालं मंगळवारी. बुधवारी भोंगा वाजला नाही. गुरुवारीही नाही. हार्लनने मंडळात फोन करून सातही जणांना ही बातमी कळवली.

शुक्रवारी सकाळी मेव्हिस थॉर्सन काठी टेकत आली. "सहजच आले गं. म्हटलं, बघावं काही मदत हवी का."

"काही नको," डेलोरिस म्हणाली. त्या दोन शब्दांमागे एकतीस वर्षांचे बटाटे होते. "बघ ना, ये."

तिने फ्रीजरचं झाकण उचललं. आतून जो वास आला त्याने मेव्हिस काठीशिवाय दोन पावलं मागे गेली. दोन हजार चारशे मीटबॉल आता दोन हजार चारशे राहिले नव्हते. सगळे मिळून एकच झाला होता आणि तो राखाडी पाण्यात बसला होता.

"वेगळंच आहे हं," मेव्हिस म्हणाली. एल्म लेकमध्ये याहून मोठी शिवी नाही.

"अशक्य!" हार्लन धावत आला. "वाजलाच नाही!" त्याने चिकटपट्टी ओरबाडली आणि डब्याचं झाकण काढलं. त्याबरोबर स्वयंपाकघरात भोंगा किंचाळला. कुत्रा सोफ्याखाली गेला.

"वाजला!" हार्लनचा चेहरा उजळला. "ऐकलंस डेलोरिस? मंगळवारपासून बिचारा ओरडतच असणार, पत्र्यातून संदेश बाहेर पडत नव्हता इतकंच!"

पत्र्याच्या बंद डब्यातून रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत, यावर हार्लनने एप्रिलमध्ये मंडळात पाऊण तास व्याख्यान दिलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आता त्याची नजर सॉकेटवर गेली. तिथलं वीज तोडणारं सुरक्षेचं छोटं बटण, ड्रिल बंद पडलं तेव्हापासूनच, टचकन बाहेर आलेलं होतं. त्याने ते दाबलं. फ्रीजर गुरगुरू लागला. कचऱ्यात टाकलेलं ड्रिल अगदी ठणठणीत होतं, हेही त्याला त्याच क्षणी समजलं, पण ते त्याने बोलून दाखवलं नाही. डेलोरिसने मात्र आधी त्या बटणाकडे आणि मग कचऱ्यातल्या ड्रिलकडे पाहिलं.

"रडू नकोस गं," मेव्हिस म्हणाली. डेलोरिस रडत नव्हती. "माझ्या फ्रीजरमध्ये अडीच हजार आहेत. म्हटलं, असू द्यावेत."

"गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं ना तुझ्या?"

"मीटबॉल हातांनी वळतात, डेलोरिस."

शनिवारी डेलोरिसने चार तास मेव्हिसच्या मीटबॉलवर रस्सा वाढला. शेजारी खुर्चीवर बसून मेव्हिस येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "डेलोरिसनेही खूप केलं हो, बिचारीने." डेलोरिस हसत होती. इतकं हसून तिचे गाल दुखले. घरी येताना ती हार्लनशी अवाक्षर बोलली नाही आणि हार्लनला पहिल्यांदाच शांततेची भीती वाटली.

सोमवारी तिने बावीस डॉलरचा अलार्म आणला आणि फ्रीजरला चिकटवला. हार्लनने लांबूनच पाहिलं. डबा प्लास्टिकचा होता आणि छानही होता.

"तुझं ते यंत्र कुठंय?" तिने विचारलं.

"मोडून टाकतो. डबा तुझ्या बटणांना लागेल ना?"

"बटणं वाडग्यात बरी आहेत. यंत्र डब्यातच राहू दे."

तिने निळा डबा पुसून लख्ख केला, झाकण दाबून बसवलं, नवी चिकटपट्टी दोन वेढे जास्तच गुंडाळली आणि वर तांबडी रिबन बांधली. अर्ध्या तासाने दोघं मेव्हिसच्या दारात उभी होती.

"अगं, हे काय?" मेव्हिस विरघळली.

"हार्लनने खास तुझ्या फ्रीजरसाठी केलंय. तू आमच्यासाठी एवढं केलंस! पुढच्या वर्षीचे मीटबॉल तरी सुखरूप राहायला हवेत."

"आणि चालू आहे हे कळायचं कसं?"

"वाजत नाही म्हणजे सगळं ठीक," डेलोरिस गोड हसून म्हणाली. "झाकण तेवढं उघडायचं नाही."

"पण डेलोरिस," हार्लन कुजबुजला, "पत्र्याच्या डब्यातून..."

"हार्लन," डेलोरिस म्हणाली, "तुझं ड्रिल कचऱ्यातून काढून मी गाडीत ठेवलंय, ते आण. हिच्या फ्रीजरशेजारी एक खुंटी ठोकून द्यायची आहे."