शिदोजीराव गाडी पसंत करतात

एका जंगलात, बाळांनो, डांबरी रस्ता आला. रस्ता आला म्हणून दोन शोरूम आल्या, आणि शोरूम आल्या म्हणून शिदोजीराव अस्वलांना आपल्याकडे मोटारसायकल नसल्याचे दुःख झाले. त्याआधी ते बरे होते.

एक शोरूम पांडबा कोल्ह्याची. तिथे 'वनराणा' मिळे. समोरची नरसू तरसाची. तिथे 'रानसरदार' मिळे. दोन्ही गाड्या कोऱ्या करकरीत, पण दिसायला पन्नास वर्षांपूर्वीच्या. गोल दिवा, फुगीर टाकी, लांब चकचकीत सायलेन्सर.

"साहेब, ही गाडी नव्हे, वारसा आहे," कोल्हा म्हणाला.

शिदोजीरावांना एकदम आजोबा आठवले. आजोबा जन्मभर चार पायांवर चालले होते. पण टाकी बघून आठवले, त्याला कोण काय करणार?

गाडी खरे तर तानूबाईंसाठी हवी होती. तानूबाई म्हणजे शिदोजीरावांची बायको. त्यांचे माहेर दोन डोंगर पलीकडे. तिथे चैत्रात पंधरा दिवस मोहाची फुले पडतात. म्हातारी आई वाट बघत असते. पण तानूबाईंचा गुडघा धरला होता आणि दोन चैत्र तसेच गेले होते. "यंदा तुला गाडीवरून नेतो," असा शिदोजीरावांनी शब्द दिला.

शब्द दिला आणि ते निवड करायला बसले.

वनराणाचा आवाज धगधग, रानसरदारचा धडधड. वनराणाची सीट बोटभर उंच. रानसरदारला बटणाशिवाय किकसुद्धा. शिदोजीराव रोज दोन्ही गाड्या वळणापर्यंत चालवून बघत, तानूबाईंना मागे बसवून. सकाळी कोल्ह्याकडे चहा घेत, दुपारी तरसाकडे. कोल्हा आणि तरस एकमेकांचे तोंड बघत नसत, पण चहा एकाच टपरीतून येई.

मग शिदोजीरावांनी माकडाचा व्हिडिओ पाहिला. माकड झाडाच्या शेंड्यावर बसून चाळीस मिनिटे बोलले. टायर चावून दाखवले. शेवटी म्हणाले, "मित्रांनो, दोन्ही गाड्या उत्तम आहेत. आपापली गरज बघून घ्या." शिदोजीरावांना हे इतके पटले, की त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

असे दहा दिवस गेले.

"काय ठरलं?" तानूबाईंनी विचारले.

"मन वनराणाकडे ओढतंय. पण डोळे मिटले की रानसरदार दिसते."

"फुलं संपतील हो."

"अगं, घाईत चुकलं तर जन्मभर दुसऱ्याची गाडी बघून जळायचं."

"आणि आई?"

शिदोजीरावांनी कान खाजवला. मग म्हणाले, "वनराणात चॉकलेटी रंग येणार आहे म्हणतात."

तानूबाईंना राग आला. फार राग आला. पण त्या भांडल्या नाहीत. नवऱ्याला घेऊन त्या लंगडत कोल्ह्याच्या शोरूममध्ये गेल्या.

"टेस्ट राईडला गाडी द्या. आज मी चालवून बघते."

दहा दिवस मागे बसून क्लच कधी आणि गिअर कधी, हे त्यांना पाठ झाले होते.

"कुठवर जाणार, वहिनी?"

"वळणापर्यंत."

दुकानाचा माणूस मागे बसायचा नियम होता. कोल्ह्याने तानूबाईंची नखे पाहिली आणि नियमाला मुरड घातली. "काहीतरी ठेवून जावं लागेल," तो एवढेच म्हणाला.

"हे ठेवते," तानूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शिदोजीरावांना सोफ्यावर बसवले. शिदोजीरावांनी चहा मागवला.

तानूबाई दोन दिवसांनी परत आल्या. अंगाला मोहाचा वास येत होता. डोळे रडून लाल झाले होते, पण चेहरा हसरा होता.

"वहिनी, वळणापर्यंत म्हणाला होतात," कोल्हा रडकुंडीला येऊन म्हणाला.

"रस्त्याला वळणंच फार आहेत हो."

"आई कशी आहे?" शिदोजीरावांनी विचारले.

"बरी आहे. टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाली, एवढे दिवस थांबून शेवटी जुनीच घेतलीत का गं?"

कोल्ह्याने घाईघाईने पावतीपुस्तक काढले. "मग बुक करू ना?"

"गाडी छान आहे," तानूबाई म्हणाल्या. "पण एकीवरून कसं ठरवायचं? समोरचीही बघायला हवी."

कोल्ह्याने पावतीपुस्तक मिटले. हेच वाक्य ऐकत त्याने दहा दिवस चहा पाजला होता.

फुले पडायचे अजून तीन दिवस बाकी होते. तानूबाईंनी नवऱ्याचा पंजा धरला, रस्ता ओलांडला आणि त्यांना तरसाच्या सोफ्यावर नीट बसवले.

तात्पर्य : नीट विचार करून एकदाची गाडी निवडावी, असे थोर लोक सांगतात. त्यांचे ऐकू नये. निवडलेल्या गाडीत पेट्रोल आपल्याला घालावे लागते आणि मग चहाही कोणी विचारत नाही. घरात एकाला तरी कधीच काही ठरवता येऊ नये. दुसऱ्याला मात्र गाडी चालवता आली पाहिजे.