सोडून देणारे सिद्रामप्पा

सोलापूरच्या भवानी पेठेतली पिठाची गिरणी भर दळणात बंद पडली की नवखा माणूस म्हणायचा, वीज गेली. आम्हाला ठाऊक असायचं, वीज जागच्या जागी आहे, सिद्रामप्पांनी काहीतरी सोडलंय. खटका ओढून, भुवयांपर्यंत पांढरे झालेले सिद्रामप्पा गिरणीच्या दारात येत, रांगेतल्या बायकांवरून नजर फिरवत आणि जाहीर करत, "बिट्टबिट्टे! सोडून दिलो!"

"आता काय सोडलंत?" हे विचारणं माझ्याकडे असायचं, कारण माझं दळण हमखास त्यांच्या राजीनाम्यात सापडायचं. अर्धे गहू वर, अर्धं पीठ खाली, आणि मला शिकवायला शाळा गाठायची घाई.

"भजनी मंडळ, बाई! पेटीवाला आधी चहा पितो, मग देवाचं नाव घेतो. असल्या जागी सिद्रामप्पा बसणार न्हाय!"

तालीम सोडली, व्यापाऱ्यांचा संघ सोडला, एक पक्ष सोडला, त्यातून निघालेला दुसराही सोडला. आमच्या एवढ्याशा बोळात तीन गणपती बसायचे, ती सगळी यांचीच कृपा. पहिल्या मंडळातून रागावून बाहेर पडले नि दुसरं काढलं. वर्षभरात त्यातूनही बाहेर पडले, तेव्हा मागे राहिलेल्यांनी आपसात भांडून तिसरं काढलं. आरतीला मात्र हे तिन्हीकडे हजर. मी टोकलं तर म्हणाले, "मंडळ सोडलो, बाई. गणपतीनं माझं काय केलंय?"

ते दिवसच पक्षांतराचे होते. पेपर उघडला की कुणीतरी आमदार इकडून तिकडे गेलेला. आमचे हे पेपर घेऊन गिरणीत जाऊन बसायचे आणि सिद्रामप्पा प्रत्येकाला ज्याचा त्याचा शब्द वाटून द्यायचे. खुर्चीसाठी गेला तो फितूर. चारजणांना घेऊन गेला तो फुटला. कुणाला न सांगता गेला तो पळाला.

"आणि तुम्ही हो?" आमच्या ह्यांनी एकदा विचारलं.

"मी बाहेर पडलो! तोंडावर सांगून, दिवसाउजेडी, सगळ्यास्नी पान खिलवून!"

ते खरं होतं. जे काही सोडतील तिथल्या झाडून साऱ्यांना विडा देऊन, हात जोडूनच ते निघायचे. काही मंडळं म्हणे त्या विड्यासाठीच त्यांना सभासद करून घ्यायची. माणूस तिरसट होता खरा, पण त्याच्यावर राग धरणारं कुणी सापडायचं नाही.

अशा माणसाचा सख्खा धाकटा भाऊ, इराप्पा, मात्र एका सकाळी कुणाला न सांगता निघून गेला. दोघं मिळून गिरणी चालवायचे. दुसरं यंत्र घ्यायचं की नाही यावरून दोघांचं वाजलं आणि इराप्पा बायको-पोरं घेऊन सांगोल्याला, सासुरवाडीच्या गावी गेला. तिथं त्यानं स्वतःची गिरणी टाकली. पुढं कितीतरी वर्षं पेठेत कुणी विषय काढला नाही. मग एका आगाऊ गिऱ्हाइकानं काढलाच. "अप्पा, तुमचा इराप्पा फुटला म्हणायचा, का पळाला म्हणायचा?"

गिरणी थांबली. आम्ही बायका हसू दाबून वाट बघत होतो, आता काहीतरी खमंग ऐकायला मिळणार.

"त्यो गावाला गेलाय," सिद्रामप्पा म्हणाले. "येतोय की." आणि खटका वर केला. गावाला जाऊन तेव्हा वर्षं लोटली होती. मला फार वाईट वाटलं. एवढ्या शब्दांच्या धन्याला भावासाठी एक शब्द उच्चारवत नव्हता.

त्या हिवाळ्यात इराप्पाचा निरोप आला, अक्कलकोट रस्त्याच्या शेताची वाटणी करून द्या. सिद्रामप्पांची बायको गौराक्का माझ्याकडे येऊन रडली. "शेत तुटलं की भाऊ तुटला, बाई. मग त्यो कशाला येतोय सोलापूरला?" सिद्रामप्पांनी उलट निरोप धाडला, वेळ अमावस्येला ये, शेतातच बोलू.

वेळ अमावस्येला आमच्या भागात घरात कुणी थांबत नाही. सगळे शेतावर. शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, भाकरी आणि ताकात आंबवलेली आंबील पोटभर हाणायची आणि मग उभ्या पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची. सिद्रामप्पांच्या घरी धाकट्यानं घडा डोक्यावर घ्यायचा नि थोरल्यानं शिंपडायचं. इराप्पा गेल्यापासून सिद्रामप्पांनी दुसऱ्या कुणाला घड्याला हात लावू दिला नव्हता. दोन्ही कामं स्वतःच करायचे.

त्या वर्षी आम्हीही त्यांच्या शेतावर होतो. इराप्पा आला तो हातात मोजायचा टेप घेऊनच. जेवायला बसेना, बांधावर उभाच. सिद्रामप्पांनी त्याच्याकडे न बघता घडा डोक्यावर ठेवला, एका हातानं तो सावरत, दुसऱ्यानं आत डहाळी बुडवत ज्वारीत शिरले. पिकावर चार थेंब, बाकी सगळी आंबील त्यांच्याच नाकावरून सदऱ्यात. पोरं खिदळली. खोटं कशाला बोलू, मीही हसले. तेवढ्यात ढेकळाला पाय अडखळला आणि घडा कलला.

"अण्णा! सांडालंय की वो!" टेप टाकून इराप्पा धावला आणि घडा त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतला.

पुढं इराप्पा, मागं सिद्रामप्पा. सबंध शेताला फेरी झाली. गौराक्कानं माझा हात असा धरला होता की बांगडी रुतली. परत आल्यावर इराप्पा नजर चुकवत म्हणाला, "मग... मोजायचं कुटनं?"

"मोज की कुटनंबी." सिद्रामप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मंडळ सोडलो, तालीम सोडलो, पक्ष सोडलो. काय बिगडलं न्हाय बग. तू तेवडा सुटंना झालास रे इऱ्या." आणि साऱ्या बायका-पोरांदेखत ते ढसाढसा रडले.

इराप्पानं डोक्यावरचा घडा उतरवून खाली ठेवला. मग घोंगडीवर बसला. "वैनी, वाढा. सकाळधरनं उपाशी हाय."

गौराक्कानं इतकी भज्जी वाढली की खालची भाकरी दिसेना. सिद्रामप्पा नाक ओढत त्याला चिकटून बसले आणि त्याच्याच ताटात जेवू लागले.